गेटचा पडद्यावरचा कॅल्क्युलेटर: माहितगारांनी नेमकं लिहा

अनघा_ठाणे
पुतण्या गेटच्या (इंजिनिअरिंगनंतरच्या एम.टेक. प्रवेश परीक्षेच्या) तयारीला कॅसिओ ९९१ कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला दिसला आणि सगळं आठवलं. हॉलमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचाच वापरायचा, तोही माउसने, कारण कीबोर्ड बंद असतो. ३ तासांत ६५ प्रश्न, म्हणजे प्रत्येक क्लिक मोलाची. शिकवणाऱ्यांनी आणि परीक्षा दिलेल्यांनी लिहा ना.

विद्युतवाला
डिग्री-रेडियन! सुरुवातीला तो डिग्रीवरच असतो. ५० हर्ट्झ, t = ०.००२ सेकंद घ्या. ωt = २π × ५० × ०.००२ = ०.६२८ रेडियन, साइन ०.५८८ यायला हवा. डिग्रीवर राहिला तर ०.०११ येतो. गणित अर्धवट असताना मोड बदलायचा नाही, आधी C दाबून पुसायचं.

स्थापत्य_सांगली
आकडा आधी, फंक्शन नंतर. ३० मग sin. कॅसिओची सवय इथेच नडते. e चा ऋण घात: ०.५, मग +/-, मग e चं बटण, उत्तर ०.६०६५. Exp हे बटण वेगळं, ते दहाच्या घातासाठी. या दोघांत पोरं हमखास फसतात.

मीरा७
+१ Exp बद्दल. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

विद्युतवाला
टॅन इन्व्हर्सचंही बघा. −१−j या संमिश्र संख्येचा कोन काढताना भागाकार +१ होतो, कॅल्क्युलेटर ४५ दाखवतो. खरा कोन −१३५. चरण (क्वाड्रंट) कागदावर काढूनच ठरवायचा.

गणितशिक्षक_नाशिक
मध्येच राउंड करू नका. १/३ चे ०.३३ केले आणि १५० ने गुणलं की ५० ऐवजी ४९.५. आकडा टाइप करायच्या प्रश्नांत उत्तराची मर्यादा ठरलेली असते, तिच्याबाहेर गेलं की शून्य. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, पण अर्धे गुणही नाहीत. मधलं उत्तर MS ने साठवा, MR ने परत आणा. वर्गांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक वर्गानंतर M+ ने मेमरीत मिळवा, आणि सुरुवातीलाच MC ने मेमरी पुसा, नाहीतर मागच्या प्रश्नाचा आकडा आत राहतो.

प्रिया_पुणे
मॅट्रिक्स आणि समीकरण सोडवायची सोय नाही हे पुतण्याला आजच सांगा. ३×३ चा डिटरमिनंट हातानेच.

मीरा७
आले. ४ आणि ६ ओहमचे समांतर रोध: ४, १/x, +, ६, १/x, =, पुन्हा १/x. २.४. लांब राशी एकदम भरू नका, अंश-छेद वेगळे काढा. कंस उघडा राहिला की सगळं परत. आणि ती खिडकी प्रश्नावरच उघडते, आधी बाजूला ओढा.

सुहास_कॅनडा
इकडची मुलं सॅट (अमेरिकी कॉलेज प्रवेशाची परीक्षा) देतात, डिजिटल झाल्यापासून त्यात डेसमॉस हा कॅल्क्युलेटर पडद्यावरच आहे, आलेख सुद्धा काढतो. शिवाय स्वतःचा नेता येतो. गेटवाल्यांची दया येते हो.

स्थापत्य_सांगली
आपल्याकडे बारावीच्या फिजिक्सला अजून लॉग टेबल. त्यामुळे घातांकाचा अंदाज पक्का होतो, तोच गेटला उपयोगी.

अनघा_ठाणे
पुतण्याला सगळं पाठवलं. सराव कुठे करायचा?

गणितशिक्षक_नाशिक
गेटच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या मॉक टेस्टमध्ये. मोबाइलवर नको. लॅपटॉपला बाहेरचा माउस लावून करायला सांगा.

प्रिया_पुणे
मीराताई, अँटिलॉगचं बटण नसतं ना? १० चा घात वापरायचा?

मीरा७
हो. आकडा टाकून १० च्या घाताचं बटण.