आधी वैरी, मग जोडी: हे पहिल्यापासून ठरलेलं असतं का?

मंडळी, मदत हवी आहे. काल आमच्या सोलापुरात कडक भाकरी नि शेंगाचटणी पुढ्यात घेऊन भाचीसोबत ‘शी-रा’ या अमेरिकन कार्टून मालिकेचे (२०१८ ते २०२०) शेवटचे भाग संपवले. नायिका अडोरा आणि तिची वैरीण कॅट्रा चार सीझन एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, अन् पाचव्याच्या शेवटी प्रेमात! भाची म्हणते, “मामा, हे आधीच ठरलं होतं.” मला नाही पटत. ‘ड्रॅगन बॉल झेड’ या जपानी कार्टूनमध्ये तर भविष्यातून आलेला ट्रंक्सच नायक गोकूला सांगतो, “तुझा वैरी व्हेजिटा आणि मैत्रीण बुल्मा हे माझे आईबाप.” तोवर त्या दोघांचं सूत जुळल्याची खूणही नव्हती! लिहिणारे हे आधी ठरवतात, की प्रेक्षकांचा ओढा बघून कथा वळवतात? कुणी ॲनिमेशनमध्ये काम केलंय का? निर्मात्यांच्या मुलाखती आठवत असतील तर सांगा. हुरड्याची पैज लागलीय, हरलो तर खर्च माझा.