आजार आपला, मग बरं व्हायचं काम एकट्या डॉक्टरचं कसं काय?

टिळकवाडीचा_सायकलवाला
स्पष्टच लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे. आपल्याकडं माणूस आजारी पडला की गाडी गॅरेजला लावल्यासारखं शरीर डॉक्टरकडे सोडून मोकळा होतो, आत काय बिघडलंय, काय बदललं, काही विचारणार नाही. शुगरवाला सकाळी गोळी घेतो आणि दुपारी लग्नात कुंदा हाणतो, वर म्हणतो गोळी चालू हाय की. चरकानं सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितलेत, वैद्य, औषध, सेवा करणारा आणि चौथा खुद्द रोगी. रोग्याला पण चार गुण लागतात म्हणे, लक्षात ठेवणारा, सांगितलेलं पाळणारा, न घाबरणारा आणि आपल्याला काय होतंय ते नीट सांगता येणारा. आपण तो चौथा पाय कापूनच टाकलाय. आपल्या बेळगावातच शहापूरला १९३३ पासून आयुर्वेद कॉलेज आहे, नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, तासाभरावर खानापूरचं जंगल, आणि तरी साध्या ॲसिडिटीला वर्षानुवर्षं रोज कॅप्सूल. माझं मत असं की शुगर, बीपी, ॲसिडिटी, सांधे या सगळ्यात आधी दिनचर्या, म्हणजे ब्राह्ममुहूर्तावर उठणं, आहार, झोप, चालणं, मग आयुर्वेद, आणि गोळी शेवटी. बोला.

खडेबाजारची_केमिस्ट
काका, चरकापर्यंत सगळं पटलं, शेवटचे दोन शब्द मात्र डेंजर आहेत. ‘गोळी शेवटी’ हे वाचून लोक काय करतात ते मी काउंटरवर रोज बघते. बीपीची गोळी कुणालातरी विचारून नाही तर व्हिडिओ बघून बंद, आणि सकाळी अर्जुनाची साल उकळून पिणं सुरू, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नॉर्मल असा हिशेब. अहो बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही, तीच तर त्याची खोड. आणि आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही असं म्हणणाऱ्यांनी औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्यातलं शेड्यूल ई-वन वाचावं, त्यात बचनाग, कुचला, पारा, सोमल अशा विषारी द्रव्यांची यादीच आहे आणि अशा औषधाच्या लेबलवर वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं. किती जण लेबल वाचतात? २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली होती, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं.

बीएएमएस_शहापूर
ताई, तो अभ्यास मलाही माहीत आहे, पण त्यात रसशास्त्राची म्हणजे भस्मं, पारदाची औषधं पण होती आणि ती कुणी तपासून, नाडी बघून दिलेली नव्हती, ऑनलाइन मागवलेली होती. त्यावरून आख्ख्या शास्त्राला झोडपणं बरोबर नाही. आणि तुमच्या ॲलोपथीनंच आमच्याकडनं काय काय उचललंय ते पण सांगा की. सर्पगंधा बीपीवर चालते हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं तेव्हा जगाला कळलं, आपल्याकडं ती आधीपासून वापरात होतीच. भगंदरावर (फिस्टुला) क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, घ्या, आयसीएमआरनं ५०० च्या वर पेशंटवर ऑपरेशनशी तुलना करून बघितली, १९९१ ला निकाल छापला, जखम भरायला वेळ जास्त लागला पण भगंदर परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के. हे कुणी काउंटरवर सांगत नाही.

खडेबाजारची_केमिस्ट
डॉक्टर, क्षारसूत्राला माझा विरोध नाहीच, ते तपासून सिद्ध झालंय म्हणून तर तुम्हाला आकडे देता आले. माझं म्हणणं तेवढंच आहे, जे तपासलंय ते घ्या. पण भस्मांवर सगळं ढकलू नका, त्याच १९३ मधल्या साध्या वनस्पतीच्या औषधांत पण १७ टक्क्यांत धातू निघाले होते. आणि सर्पगंधेतलं रिसर्पिन १९५२ ला वेगळं काढल्यावर डोस मोजून देता आला, मगच कळलं की जास्त झालं तर माणूस उदास होतो. झाडपाला आहे म्हणून अपाय नाही हे सर्पगंधेनंच खोटं पाडलंय, तुम्हीच तिचं नाव काढलंत.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट
तुम्ही मोठी माणसं दिनचर्या दिनचर्या म्हणालात, ब्राह्ममुहूर्तावर उठा म्हणे. मी फाउंड्रीत हाय, एक आठवडा फस्ट, एक सेकंड, एक नाइट. ब्राह्ममुहूर्ताला मी भट्टीपुढं उभा असतोय ओ. जेवण कधी रात्री एकला, कधी दुपारी चारला, झोप दिवसा, त्यात पोरं दंगा करालेत. शुगर बॉर्डरवर हाय म्हणून सांगितलंय डॉक्टरनं. चरकानं शिफ्टवाल्याला काय सांगितलंय काय, आसंल तर सांगा, खरंच विचारालोय, चेष्टा नव्हं.

बीएएमएस_शहापूर
भाऊ, शिफ्टचं थेट कुठं नाही, पण रात्रीच्या जागरणानं शरीर रूक्ष होतं आणि दिवसा पोटभर जेवून झोपू नये हे स्पष्ट आहे. जागरण झालंच तर सकाळी जेवायच्या आधी थोडी झोप काढा, मग उठून जेवा. नाइटला कँटीनची भजी सोडून घरचा डबा न्या.

निपाणीची_सून
डबा न्या! बघा, इथंच मला बोलायचं होतं. काका म्हणतात रोग्यानं आपला पाय टाकावा, पण घरात रोगी पुरुष असला की तो पाय बाईचाच असतो. आमच्या मामंजींना शुगर निघाली, वैद्यांनी पथ्य दिलं, भात बंद, ज्वारीची भाकरी, मेथी भिजवून, कारल्याचा रस, जेवणाची वेळ घड्याळ लावून. ते ‘मी माझ्या तब्येतीची काळजी घेतोय’ म्हणून पारावर सांगतात. भाकरी थापतंय कोण, मेथी भिजवतंय कोण, नवऱ्याला आणि पोरांना वेगळा भात लावतंय कोण? आणि माझ्या अंगात रक्त कमी म्हणून सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या दिल्यात, त्या चहाबरोबर घेऊ नये एवढं कळायलाच कितीतरी दिवस गेले, कारण माझं पथ्य बघायला कुणी नाही. सेवा करणारा हा चरकाचा तिसरा पाय, तो नेहमी मोफतच गृहीत धरतात.

आणि दुसरं, आमच्याकडं तंबाखूच्या वखारी आहेत. तिथं बायका दिवसभर धुरळ्यात बसतात, खोकून खोकून छाती दुखते. त्यांना सितोपलादी चूर्ण मधातनं घ्या, प्राणायाम करा, स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी घ्या म्हणून शिबिरं घेतात. जबाबदारी घ्यायचीच तर आधी वखारीत पंखा आणि तोंडाला चांगला मास्क द्या की. घरी येऊन घडीभर प्राणायाम करून सकाळी परत त्याच धुरळ्यात. सायकलवाल्या काकांचं म्हणणं चांगल्या घरातल्या, वेळ असलेल्या माणसाला लागू आहे, राग मानू नका.

टिळकवाडीचा_सायकलवाला
राग कसला आक्का. पण वखारीत पंखा नाही म्हणून बाकीच्यांनी पण भजीच खात बसायचं का? जे आपल्या हातात आहे त्याबद्दल मी बोलतोय. आणि पुरुषांनी भाकरी थापायला शिकावं हे मी आधीच म्हणतो, घरात ऐकत कोण.

अनगोळचा_वाघ
हातात काय आहे तेच तर कळत नाही मालक. आरोग्य केंद्रावर बोर्ड कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्ड इंग्लिशमध्ये, आणि आमची आज्जी बोलणार मराठी. तुमच्या चरकाचा चौथा गुण कुठला, आपल्याला काय होतंय ते सांगता येणं ना? आज्जीला पोटात कळ आली, जळजळ झाली, गुबारा धरला तरी नर्सला सांगायला एकच येतंय, होट्टे नोवु, म्हणजे पोट दुखतंय. नर्सची पण चूक नाही, तिला आमचं कळत नाही. महाराष्ट्रानं २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले जन आरोग्य योजना लागू केली तर इकडचं कर्नाटक सरकार भडकलं. असो, सीमाप्रश्न काढला की धागा तिकडंच जातो, थांबतो. पण रोग्यानं प्रश्न विचारावेत म्हणणाऱ्यांनी कुठल्या भाषेत ते पण सांगावं. म्हणून तर लोक गावठी औषधवाल्याकडं जातात, तो निदान मांडी घालून ऐकून तरी घेतो.

जांबोटी_रानवारा
वाघोबांनी बरोबर दुखणं पकडलं. आमच्याकडं काविळीला झाडपाल्याचं औषध देणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पैसे घेत नाहीत, नारळ आणि पाच रुपये ठेवतात बस्स. पावसाळ्यात बेळगावातनं गाड्या भरून लोक येतात आणि बरे होऊन जातात. दवाखान्यात काविळीला म्हणे औषधच नाही, नुसती विश्रांती घ्या सांगतात. मग खोटं कोण? डोळ्यानं बघितलंय आम्ही.

लॅबवाला_पाव्हणा
रानवारा दादा, डोळ्यानं बघितलंय ते खरंच आहे, पण त्याचं कारण दुसरं आहे. पावसाळ्यात येणारी कावीळ बहुतेक हिपॅटायटिस ए नाहीतर ई ची असते, घाण पाण्यातनं येते, आणि बहुतेक जणांची काही आठवड्यांत आपोआप जाते. तुम्ही पाला खा नाहीतर नुसती पेज प्या, जायची तेव्हा जातेच, श्रेय मात्र ज्याच्याकडं शेवटी गेला त्याला. दवाखान्यात ‘औषध नाही’ म्हणतात ते खरं सांगतात. आणि काही ठिकाणी हात चुन्याच्या निवळीत धुवून पिवळं पाणी काढून दाखवतात, कावीळ उतरली म्हणून, हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्यात तो पिवळा होतो. तुम्ही घरी करून बघा, कावीळ नसताना पण पिवळंच येतंय.

खरा धोका उरलेल्यांना आहे. पित्ताच्या नळीत खडा अडकून झालेली कावीळ पाल्यानं जात नाही, खडा काढावाच लागतो. गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेततं. बाहेरनं बघून कुठली कावीळ ते कळत नाही, बिलिरुबिन, एसजीपीटी आणि सोनोग्राफी करावी लागते. पेशंट असंबद्ध बोलायला लागला, हिरड्यातनं रक्त यायला लागलं की एक दिवस पण थांबायचं नाही. मी तुमच्या औषधवाल्याला लुच्चा म्हणत नाही, नारळावर काम करणारा माणूस लुच्चा कसा असेल, पण त्यानं पाला द्यायच्या आधी रक्त तपासून ये म्हटलं तर काय बिघडतं?

जांबोटी_रानवारा
म्हणजे आमचा आज्जा उगाच जंगलात पाला हुडकत फिरत होता म्हणा की. शहरातल्यांना सगळं फुकटचंच वाटतं. मला पटलं नाही, गरोदर बाईचं तेवढं आईला सांगतो.

खडेबाजारची_केमिस्ट
पाला हुडकणं पण सोपं नाही दादा, ते तुम्हालाच जास्त माहीत. कोविडात गल्लोगल्ली गुळवेल म्हणून जे वेल तोडून काढे केले त्यातले किती खरे होते? २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला त्रास झालेले सहा पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालय म्हणालं की वनस्पती गुळवेलच होती हे नीट ठरवलेलं नाही, तिच्यासारखे दुसरे वेल असतात. दोघांपैकी कुणाचंही खरं धरा, रस्त्यावरचा वेल तोडून उकळणाऱ्याचं नुकसानच.

बीएएमएस_शहापूर
हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडं द्रव्यगुण म्हणून आख्खा विषय आहे, वनस्पती ओळखणं, कधी तोडायची, कुठला भाग. व्हिडिओ बघून काढा करणं म्हणजे आयुर्वेद नव्हे, आणि त्यातनं काही झालं की शिव्या आम्हाला.

लॅबवाला_पाव्हणा
मूळ मुद्द्यावर येतो, कारण सायकलवाल्या काकांना इथं जरा जास्तच झोडलंय. शुगर काठावर असलेल्यांबाबत त्यांचं ‘आधी आहार आणि चालणं’ बरोबर आहे, आणि ते चेन्नईत तपासलंय. शुगर अजून झालेली नाही पण होईल अशा ५३१ जणांना अडीच-तीन वर्षं बघितलं, २००६ ला निकाल आला. नुसता आहार आणि व्यायाम करणाऱ्यांत शुगर व्हायचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत २६.४ टक्क्यांनी, दोन्ही केलेल्यांत पण जवळजवळ तेवढाच. म्हणजे काठावर असताना चालणं गोळीच्या तोडीचं. पण ज्याला आधीच शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यानं हा आकडा दाखवून औषध बंद करू नये. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या पोराचं इन्सुलिन काही दिवस जरी बंद केलं तरी तो आयसीयूत जाईल, यात चरक पण काही करू शकत नाही.

टिळकवाडीचा_सायकलवाला
बघा, शेवटी आकडा माझ्याच बाजूनं आला. काठावरच्यांना आधी चालायला लावा, गोळी नंतर, एवढं तरी सगळ्यांनी मान्य करा. बीपीचं केमिस्ट ताईंचं ऐकतो, पण रोज सकाळी टिळकवाडीतनं कॅम्पपर्यंत चालत जाणारे माझे मित्र बघितले की मला अजून वाटतं, गोळ्या फार लवकर लिहून देतात.

खडेबाजारची_केमिस्ट
गोळ्या लवकर देतात की नाही ते तुम्ही डॉक्टरला समोर बसून विचारा काका, गोळी कमी होईल का म्हणून. मित्रांकडं बघून ठरवू नका.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट
पाव्हण्या, म्हणजे माझ्यासारख्या बॉर्डरवाल्यानं चालायचं एवढंच की. ते कळलं, कंपनीच्या गेटापासनं बसऐवजी चालत येतोय उद्यापासनं. पण तपासायचं कसं, उपाशीपोटी रक्त द्या म्हणतात, मी नाइट करून आल्यावर उपाशी म्हणजे कुठलं उपाशी धरायचं?

लॅबवाला_पाव्हणा
तुला एचबीएवनसी करून घे, त्याला उपाशी राहायची गरज नाही, ड्युटी सुटल्यावर कधीपण ये. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते, त्यामुळं आदल्या रात्री काय खाल्लंस त्यानं फारसा फरक पडत नाही. अंगात रक्त कमी असलं तर तो आकडा चुकू शकतो, तेवढं आधी सांग. मागचे रिपोर्ट घेऊन ये म्हणजे वाढतंय का कमी होतंय ते बघता येईल.

उद्यमबाग_नाइटशिफ्ट
येतो सोमवारी. मागचे रिपोर्ट कुठं हायत ते मंडळीला विचारतो.

निपाणीची_सून
बघा.