मदत हवी आहे: भाचीला ही स्लॅशर (एकामागून एक खून होणारी भयकथा) कादंबरी देऊ का?

मंडळी, केलिन बेरन यांची 'यू आर नॉट सपोज्ड टू डाय टुनाइट' (२०२३) कुणी वाचली आहे का? १४ वर्षांच्या भाचीने वाढदिवसाला मागितली आहे. मिरर लेक कॅम्पवर लोक स्वतःला घाबरवून घ्यायला पैसे मोजून येतात, चॅरिटी नावाची नायिका तिथल्या नाटकात शेवटपर्यंत जिवंत राहणाऱ्या मुलीचं काम करते, आणि मग सोबतची मुलं खरोखरच गायब व्हायला लागतात. कल्पना मला फार आवडली. सगळं नाटकच असताना खरी किंकाळी ओळखणार कोण!

पण खुनांची वर्णनं कितपत अंगावर येतात? भुतांच्या गोष्टी ती रात्री एकटी वाचते, रक्त मात्र तिला सोसत नाही. शेवट पटला का, तेही सांगा. फक्त खुनी कोण ते फोडू नका, मलाही वाचायची आहे. शनिवारपर्यंत पुस्तक मागवायचं आहे.