लेकीचा इसब जाऊन जाऊन परत येतोय, मदत हवी आहे

पडवी:
कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत इसब आहे. रात्री दोनला खाजवत उठते, सकाळी अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. ट्यूब लावली की चार दिवसांत बसतो, थांबवली की आठवड्यात पुन्हा. दोन महिने हेच चाललंय. कायमचा जाईल असं काहीतरी सांगा, प्लीज.

केतकी:
वय किती? कुठली ट्यूब? घरात कुणाला दमा?

सागरगोटा:
आमसुलाचं पाणी लावा. आमच्याकडे तासाभरात गांधी उतरतात.

केतकी:
गांधी म्हणजे शीतपित्त हो. तिला इसब आहे.

पडवी:
पाच वर्षांची आहे. ट्यूब मेडिकलवाल्याने दिली, तीन औषधं एकत्र आहेत. ह्यांना दमा आहे, पण त्याचा काय संबंध?

केतकी:
संबंध आहे. दमा, सततची सर्दी-शिंका आणि हा इसब एकाच घरात फिरतात. या मुलांच्या कातडीची राखणच कच्ची असते. आतला ओलावा उडतो, बाहेरचं टोचणारं आत शिरतं. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असलं तर धोका वाढतो, हे २००६ मध्ये कळलं. म्हणून 'कायमचा' हा शब्द सोड, आटोक्यात मात्र नक्की राहतो. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं आणि जंतूंचं औषध एकत्र असणार. ती मनाने लावू नकोस. स्टेरॉइड वाईट नाही, पण कुठलं, किती दिवस, हे त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

माडबन:
आजी मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, लावायची. क्रीमबीम काही नको.

केतकी:
मुठेल भेगांना उत्तम, पण फुटलेल्या इसबावर घरचं काही नको. माझ्या मुलाला मी कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ घालते, अंग टिपते, ओलसर असतानाच साधी व्हॅसलीन जाड थापते. दिवसातून दोनदा, इसब नसतानाही. नखं दर रविवारी.

देवगडवाडा:
मासे-अंडी बंद करा आधी!

केतकी:
तपासल्याशिवाय नको. आम्ही आठ महिने बंद केले. पोर वाळलं, इसब तसाच.

रानजाई:
मला आंब्याच्या चिकाने दरवर्षी ओठाला फोड येतात, तोही हाच का?

केतकी:
नाही, तो चिकाचा. वेगळा धागा काढा ना.

नवी_मावशी:
बहिणीला बाळ होणार आहे, भावजींना इसब. जन्मापासून क्रीम चोळलं तर टळेल?

केतकी:
ब्रिटनमध्ये अशा १३९४ बाळांचा अभ्यास झाला, २०२० मध्ये निकाल आला. त्यातल्या निम्म्यांना वर्षभर रोज लावूनही टळला नाही.

शिडाचं_जहाज:
पडवीताई, घरात अजून कुणाला खाज? बोटांच्या बेचक्यात? मग खरूज असेल.

पडवी:
बाकी कुणाला नाही. पण आत्ता बॅटरीने बघितलं, डाव्या कोपराला पिवळी खपली धरलीय, चिकट पाणी येतंय. अंग थोडं गरम लागतंय.

केतकी:
मग जंतू शिरलेत. व्हॅसलीन, मुठेल राहू दे, उद्या सकाळीच दाखव. आणि बारीक बारीक पाण्याचे फोड उठले तर आत्ताच नेतेस, सकाळची वाट बघू नकोस. पावसाचे न वाळलेले कपडे घालू नकोस तिला.

पडवी:
फोड नाहीत. सकाळच्या पहिल्या एसटीने निघते. ट्यूब पिशवीत घेऊ ना, दाखवायला?

केतकी:
घे. खोकाही घे.