मदत हवी आहे: नव्याने बांधलेलं पद्मिनीचं इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चढाला खडखडतंय

हँडलगिअर

नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मुक्काम कोल्हापूर. इंजिन पूर्ण उघडून बांधलं. बोअर १ एमएम ओव्हरसाइझ, म्हणजे ६८ चा ६९ झाला. पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड करून बेअरिंगं नवी, व्हॉल्व्ह आणि सीट नव्या, हेड प्लेन केलेलं. रनिंग-इन झालं, ऑइल एकदा बदललं. धूर नाही, गळती नाही, सपाटीवर गाडी मऊ चालते.

दुखणं चढाला आहे. गगनबावड्याच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे दाबला की वाटाण्याचा डबा हलवल्यासारखी खडखड, म्हणजे नॉकिंग, सुरू. पाय उचलला की बंद. घाट चढून वर आल्यावर चावी काढली तर इंजिन दोन-चार झटके खाऊनच थांबतं. गरम गाडी दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू व्हायला नखरे करते. प्लग काढून पाहिले, चारही पांढरट.

बांधताना मी ब्युरेट आणि प्लॅस्टिकची काच लावून चेंबर मोजून घेतले होते. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून एका सिलिंडरला ३७ सीसी. स्वेप्ट व्हॉल्यूम २८० सीसी, म्हणजे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साधारण ८.६. कागदावर कंपनीचं ७.३ आहे. आधीच्या मालकांनी हेड किती वेळा फेस मारून घेतलं होतं देव जाणे. गेज लावून चारही सिलिंडर १५५ ते १६० पीएसआय.

कार्बोरेटर मूळचाच सोलेक्स, मेन जेट ११५. डेलको (डिस्ट्रिब्युटर, प्लगना ठिणगी वाटणारा) जुना पार झिजलेला होता, शाफ्ट हलायचा, म्हणून कुर्ल्याच्या स्क्रॅपमधून एका टॅक्सीचा आणला. पॉइंट, कंडेन्सर नवीन. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मिस्त्रीने कानाने लावलंय.

आता मिस्त्री म्हणतो कॉम्प्रेशन जास्त झालं, दोन गॅस्केट टाकू. पंपावरचा पोऱ्या म्हणतो शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाका, ऑक्टेन जास्त तेवढं नॉकिंग कमी. एक मित्र म्हणतो शिसं नसलेल्या पेट्रोलवर हे इंजिन चालायचंच नाही. मला गाडी साध्या पंपावरच्या ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर चालवायची आहे, कारण गाडी चालवायला बांधली आहे, झाकून ठेवायला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं. सुरुवात कुठून करू?

घाटमाथा

भावा, तेच शंभर ऑक्टेनचं एक्सपी१०० टाक आणि मोकळा हो. महिन्याला किती फिरणार आहेस?

हँडलगिअर

टाकून पाहिलं. खडखड कमी झाली, गेली नाही. आणि लिटरमागचा भाव बघून घाटात माझ्याच छातीत नॉकिंग सुरू झालं.

लॅम्बडा

दुहेरी गॅस्केट अजिबात नको. स्क्विशची (पिस्टन वर आल्यावर हेडशी उरते ती चिंचोळी) जागा वाढते, नॉकिंग उलट वाढू शकतं, आणि गॅस्केट उडाली की हेड पुन्हा उघडा.

ऑक्टेनची गोष्ट आधी निकालात काढू. ऐंशीच्या दशकात ही गाडी ज्या साध्या पेट्रोलवर चालायची ते ८७ ऑक्टेनचं होतं. आजचं ई२० किमान ९५ चं असतं, इथेनॉलमुळेच. ८.६ कॉम्प्रेशनला ९५ भरपूर झालं. शंभरवरही खडखड उरते म्हणजे चूक टाकीत नाही, मिश्रणात किंवा टायमिंगमध्ये आहे. तुमचे पांढरे प्लग मिश्रणाकडे बोट दाखवतायत.

हिशेब सरळ आहे. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ई२० साठी आकडा येतो साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळतो. तुमच्या सोलेक्सला बिचाऱ्याला काय माहीत टाकीत काय आलंय. पूर्वी पूर्ण ॲक्सिलरेटरला लॅम्बडा (मिळालेली हवा भागिले लागणारी हवा, एकच्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८८ असेल, तर त्याच जेटवर आज तो ०.९५ च्या घरात गेला. नॉकिंगला याहून सोयीची जागा नाही.

जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, ११५ म्हणजे १.१५ मिमी. इंधन क्षेत्रफळावर जातं, व्यासावर नाही. त्यामुळे आठ टक्के इंधनाला व्यास चारच टक्के वाढवायचा. ११५ चा १२० करा. रीमर किंवा तार घालून भोक मोठं करू नका, तयार जेट आणा. एअर करेक्शन जेटला सध्या हात लावू नका.

जमलं तर सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला नट वेल्ड करून वाइडबँड सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) बसवा. पण मीटर लॅम्बडावर ठेवा. पेट्रोलच्या स्केलवर तो १४.७ दाखवेल तेव्हा ई२० खरं म्हणजे साडेतेरावर जळत असतं, आणि लोक तिथेच गोंधळतात. चढाला ०.८५ ते ०.८८, सपाटीला एकच्या जरा खाली.

ताडदेवकर

आमच्या वडिलांचं गॅरेज टॅक्सीवाल्यांचंच होतं, म्हणून त्या डेलकोवर नजर अडकली. अहो, मुंबईतल्या टॅक्सी शेवटची कित्येक वर्षं सीएनजीवर होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेत बसून रस्त्यावरून उतरली, तोवर पेट्रोल फक्त चालू करण्यापुरतं. सीएनजी सावकाश जळतो आणि नॉक जवळपास करतच नाही, म्हणून मिस्त्री टायमिंग बिनधास्त पुढे घ्यायचे. कुणी डेलकोच्या आतली स्प्रिंग हलकी टाकायचं, कुणी ताणून सैल करायचं. तो डेलको तसाच्या तसा पेट्रोलच्या गाडीवर बसला की खाली आयडलला सगळं ठीक दिसतं, आणि दीड-दोन हजार आरपीएमला ॲडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) पूर्ण उघडून मोकळा. तुमची खडखड नेमकी तिथेच येतेय.

कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत, चांगले होते. पण त्यांचा कान ज्या पेट्रोलवर तयार झाला ते पेट्रोल आता मिळत नाही. टायमिंग लाइट घ्या. आधी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून पुलीवरची खूण खरी टीडीसी (पिस्टन अगदी वर असतानाची जागा) दाखवते का ते बघा. मग हळूहळू आरपीएम वाढवत ॲडव्हान्स लिहून काढा.

शिशाचं म्हणाल तर तो मित्र पंचवीस वर्षं मागे आहे. देशभर शिसं फेब्रुवारी २००० मध्येच बंद झालं. हेड ॲल्युमिनियमचं, सीट आत ठोकलेल्या. तुम्ही नव्या घातल्या आहेत, त्या हार्ड असल्या तर विषय संपला. बाटलीतली औषधं टाकीत ओतू नका.

ऊसकरी

जरा अवांतर. ऊस आमचा, मळी आमच्या कारखान्याची, इथेनॉल आमचंच, आणि एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम खाल्ला तोही आमच्याच गाडीचा! धागाकर्त्याने ऑइलची काडी काढून वास घेतला का? माझ्याकडे ऑइलची पातळी आपोआप वाढत होती. मी खूश, गाडी ऑइल पीत नाही म्हणून. काडीला पेट्रोलचा वास आला तेव्हा कळलं, डायफ्रॅम फुगून फाटला होता आणि पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये. तशा ऑइलवर नवीन बेअरिंगं किती दिवस काढतील?

लॅम्बडा

हे फार महत्त्वाचं आहे. डायफ्रॅम, नीडल व्हॉल्व्ह, कॉर्कच्या गॅस्केट आणि सगळ्या रबरी पाइपा इथेनॉल चालणाऱ्या घ्या. पाइपेवर आर९ छापलेलं असतं ते बघून घ्या. ट्यूनिंग नंतर, हे आधी. एक्झॉस्टशेजारी पेट्रोल ठिबकणारी गाडी ट्यून करण्यात अर्थ नाही.

हँडलगिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. झालेलं काम लिहितो.

ऑइलला वास नाही. तरी पंपाचं किट आणि पाइपा बदलल्या. टाकीकडून येणारी एक जुनी पाइप बोटांनी दाबली तर आतून काळं बोटाला लागत होतं, फिल्टरमध्येही तीच काजळी.

ताडदेवकर, तुमचा अंदाज तंतोतंत. पुलीची खूण बरोबर निघाली. आयडलला १० अंश. १८०० आरपीएमला ३४, आणि २५०० च्या आधीच ४२ वर जाऊन थांबतं. डेलकोची प्लेट काढली तर दोन स्प्रिंगा दोन जातीच्या. एक जाड तारेची, दुसरी बारीक, तिचा आकडा पक्कडीने वाकवलेला. जुन्या डेलकोचा शाफ्ट गेला होता पण स्प्रिंगा आणि वजनं शाबूत होती, ती यात घातली. आता आयडलला ८, पूर्ण ॲडव्हान्स ३१, तोही तीन हजारांच्या पुढे.

एवढ्यावरच खडखड बरीचशी गेली. मग १२० चा मेन जेट टाकला. वाइडबँड एका मित्राचा उसना मिळाला. चढाला ०.८७, ऐंशीच्या वेगाला सपाटीवर ०.९७. गगनबावड्याला तिसऱ्यात पूर्ण दाबून चढवली, आवाज नाही. चावी काढल्यावरचे झटकेही गेले. प्लग आता फिकट चॉकलेटी. हेड उघडायची वेळ आली नाही, दुसरी गॅस्केट मिस्त्रीकडेच खुंटीला आहे.

उरलेले प्रश्न दोन. सकाळी थंड गाडीला पूर्वीपेक्षा चोक जास्त वेळ लागतो आणि पाय ठेवताक्षणी क्षणभर अडखळते. आणि गरम असताना पुन्हा चालू होण्याचे नखरे तसेच आहेत. मिस्त्री एसी पंपाला ओलं फडकं बांधतो आणि म्हणतो झालं.

लॅम्बडा

चोक लागणारच. इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता ओढतं, थंड मॅनिफोल्डवर मिश्रण नीट बनत नाही. अडखळणं मात्र स्लो जेटचं (आयडलला पेट्रोल देणाऱ्या जेटचं) आहे, तोही मूळ पेट्रोलच्याच मापाचा. एक नंबर वाढवा आणि मिक्स्चर स्क्रू पुन्हा लावा. स्क्रू दोन फेऱ्यांच्या पलीकडे उघडावा लागत असेल तर जेट अजून लहानच आहे.

ताडदेवकर

फडकं मे महिन्यात घाटात चालतं, रोज नाही. गरम गाडी उभी केली की खालची उष्णता कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, बाऊलमध्ये, चढते, पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. कार्बोरेटरखाली पाच-सहा मिलिमीटरचा बेकेलाइटचा स्पेसर घाला, दोन्ही बाजूंना कागदी गॅस्केट. स्टड पुरतात का आणि एअर फिल्टर बॉनेटला घासतो का ते आधी बघा, ॲक्सिलरेटरचा रॉडही पुन्हा लावावा लागेल. तोच स्पेसर एसी पंपाखाली मात्र मिस्त्रीला घालू देऊ नका. तिथे जाडी वाढली की लिव्हरचा स्ट्रोक कमी होतो आणि चढालाच पेट्रोल कमी पडतं. तोवर गरम गाडी चालू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि चावी मारा, पंप करू नका.