लोन न घेता रिसेल फ्लॅट घेतोय (ठाणे), मालक १८ लाख रोख मागतोय, काय करू?

वर्तकनगरवाला: नमस्कार मंडळी, वर्तकनगरला रिसेल वन बीएचके बघितलाय, ७८ लाखाला ठरतोय. बाबांचे रिटायरमेंटचे पैसे आणि गावची जमीन विकली ते, सगळं बँकेत आहे, लोन नको. एजंटला म्हटलं कॅश पार्टी आहोत तर तो मालकाला काय सांगून आला देव जाणे, आता मालक म्हणतो ॲग्रीमेंट ६० चं करू, १८ हातात द्या, तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचेल. आमचे पैसे पांढरेच आहेत, बँकेतून काढून दिले तर चालतं का? आणि लोन नसेल तर प्रोसेस काय असते, घरात कोणालाच माहिती नाही.

कोपरीकर: अरे कॅश पार्टी म्हणजे लोन नाही एवढंच, पिशवीत नोटा नव्हे 😄 एजंट लोक मुद्दाम घोळ घालतात.

पाचपाखाडी_काका: देऊ नकोस. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेताच येत नाही, २०१५ पासून आयकर कायद्यात आहे, टोकन पण त्यातच आलं. दंड रोख घेणाऱ्याला, जेवढी रोख तेवढाच दंड, म्हणजे मालकाला १८ लाख. तुला वाटेल मग माझं काय जातंय, तर ऐक. तू आज पांढरे देतोस पण कागदावर तुझं घर ६० चंच, उद्या विकशील तेव्हा हे १८ लाख नफा म्हणून तुझ्याच डोक्यावर. व्यवहार फिसकटला तर १८ परत मागायला कागद कुठाय? आणि ६० हा आकडा रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या) १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर तो फरक तुझं उत्पन्न धरून टॅक्स लागतो, ड्युटी तर रेकनरवरच भरायची. वाचतंय किती ते पण बघ, ७ टक्क्याने ७८ वर ५ लाख ४६ हजार, ६० वर ४ लाख २० हजार. सव्वा लाखासाठी एवढी झोप घालवायची? त्यापेक्षा घर आईच्या एकटीच्या नावावर घ्या, १ टक्का सूट आहे, ७८ हजार सरळ वाचतात. रजिस्ट्रेशन फी ३० हजार, त्याच्या वर जात नाही.

वर्तकनगरवाला: काका 🙏 आईला विचारतो, बाबा रुसतील पण.

घणसोलीची_ताई: सगळे रोखीवरच बोलतायत, मला वेगळंच सांगायचंय. लोन असलं की बँकेचा वकील कागद तपासतो, तुझ्याकडे तो नाही, म्हणून पैसे असणारेच जास्त फसतात. स्वतःचा वकील कर आणि एजंटने सुचवलेला नको. ३० वर्षांचा सर्च काढ (आधीचे मालक कोण, बोजा आहे का याची नोंदणी कार्यालयातली तपासणी), पेपरात नोटीस दे, बिल्डरपासून आतापर्यंतची सगळी ॲग्रीमेंटं ओरिजिनल बघ, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मालकाच्याच नावावर आहे ना बघ आणि ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मागच, ठाण्यात ओसी नसलेल्या बिल्डिंगा भरपूर. ओरिजिनल दाखवायला टाळाटाळ केली तर ते बहुतेक बँकेत गहाण असतात. माझ्या दिराने कोपरखैरण्याला घेतलं तेव्हा सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) जमीन लीजवर, त्यामुळे रजिस्ट्रेशन झालं तरी सिडकोकडे नाव चढवायचं वेगळं राहिलं, ते चार्जेस कोणी भरायचे यावर मालकाशी दोन महिने भांडण. तुला सिडको नाही, पण सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या नावावर करायचे पैसे) आहे, २५ हजारांच्या वर मागता येत नाही, ते अर्धं अर्धं की कसं हे आधीच लिहून घे.

पाचपाखाडी_काका: टीडीएस (मालकाच्या पैशातून आधीच कापायचा टॅक्स) राहिला. ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का तूच कापून भरायचा, म्हणजे मालकाला ७७ लाख २२ हजार आणि ७८ हजार सरकारला, पैसे दिले तो महिना संपल्यावर ३० दिवसांत, आयकरच्या साइटवरून. मालकाचं पॅन आधारला लिंक नसेल तर १ च्या जागी २० टक्के, ते आधी बघ. मालक परदेशात राहणारा असेल तर हा हिशोबच वेगळा, सीए गाठ. प्रत्येक चेकचा, आरटीजीएसचा नंबर ॲग्रीमेंटमध्ये टाक. शेवटचा मोठा हप्ता रजिस्ट्रारकडे अंगठे आणि फोटो झाल्यावरच, चावी त्याच दिवशी.

कोपरीकर: आणि ३० लाखांवरचा व्यवहार निबंधक आयकरला कळवतातच. जमिनीचं खरेदीखत जपून ठेव, पैसे कुठून आले विचारलं तर तेच दाखवायचं.

वर्तकनगरवाला: अपडेट. मालकाला सरळ सांगितलं सगळे चेकने नाहीतर राहू द्या. चार दिवस फोन उचलला नाही, काल स्वतःच आला, ७८ पूर्ण चेकने तयार, पण आता म्हणतो पार्किंग त्यात नाही, त्याचे ३ लाख वेगळे आणि ते मात्र रोख 😑

घणसोलीची_ताई: हाहा, घ्या! ओपन पार्किंग सोसायटीचं असतं, विकायला ते त्याचं आहे का? अलॉटमेंट लेटर मागून बघ, मग परत फोन उचलायचा बंद होईल.