कूलर सुरू झाल्यापासून स्ट्रिंग ऑफ पर्ल्सचे मोती गळत आहेत

प्रश्न, मनीषनगरहून

नमस्कार. फेब्रुवारीत नर्सरीतून आणलेली स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची (मोत्यांसारख्या गोल पानांच्या लोंबत्या माळांचे झाड) सहा इंची प्लॅस्टिकची कुंडी आमच्या बैठकीत, खिडकीच्या सर्वांत वरच्या गजाला टांगलेली आहे. मार्चअखेरपर्यंत तिच्या माळा चांगल्या हातभर वाढल्या. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला आणि तेव्हापासून कुंडीच्या तोंडाजवळचे मोती पाणी भरल्यासारखे पारदर्शक होऊन गळू लागले, तर माळांच्या टोकांचे मोती मनुकांसारखे सुरकुतले आहेत. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात झाड तहानलेले राहू नये म्हणून मी रोज सकाळी अर्धा पेला पाणी घालत होते. मोती सुरकुतलेले दिसल्यावर सायंकाळीही घालू लागले, तरी सुधारणा नाही. हे झाड नागपुरात तगतच नाही, असे शेजारच्या काकू म्हणतात. ते खरे आहे का, आणि उरलेल्या माळा कशा वाचवाव्यात?

उत्तर, धरमपेठहून

ताई, काकूंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. माझ्या स्वतःच्या तीन कुंड्या गेल्या, त्यांतली उन्हाने एकच गेली. बाकी दोन मी पाणी घालून मारल्या.

सुरकुतलेला मोती दिसला की झाडाला तहान लागली, असे आपण धरून चालतो. परंतु मुळे कुजलेली असली तर भोवतालची माती ओली असूनही त्यांना पाणी वर चढवता येत नाही, त्यामुळे टोके सुकतात आणि ती सुकलेली पाहून आपण आणखी पाणी ओततो. तुमच्याकडे वरचे मोती पाणावलेले आणि खालचे सुरकुतलेले, अशी दोन्ही लक्षणे एकाच वेळी आहेत, म्हणून मला कुजण्याचीच शंका येते.

हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातले. तिथे ते टांगलेले नसते. झुडपांच्या आणि खडकांच्या विरळ सावलीत जमिनीवर सरपटत जाते आणि खोड टेकेल तिथे मूळ धरते. (ते शेवंती-झेंडूच्या कुळातले आहे, हे फूल येईपर्यंत कोणाला पटत नाही.) पान गोल असल्यामुळे आत साठलेल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग अगदी थोडा राहतो, आणि मोत्यावर जी अर्धपारदर्शक रेघ दिसते तिच्यातून उजेड आतपर्यंत पोहोचतो. पाणी जपण्यासाठीच घडलेले असे झाड कूलरच्या दमट झोतात असले की पानांतून पाणी फारसे उडत नाही, प्लॅस्टिकची कुंडीही वाळत नाही, आणि त्यात तुमचे दोन वेळचे पाणी. मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्री या गरम ओलीत नाजूक मुळे फार दिवस टिकत नाहीत.

आजच कुंडी उपडी करून मुळे पाहा. ती तपकिरी, बुळबुळीत असतील तर त्यांचा मोह सोडा. टणक मोत्यांच्या माळांचे बोटभर तुकडे कापून एक-दोन दिवस सावलीत ठेवा आणि मग पसरट मातीच्या कुंडीत किंचित ओलसर रेतीवर आडवे पसरा, पुरू नका. नवतपा संपेपर्यंत खत नको, उन्हाचा चटकाही नको. पुढे टांगाल तेव्हा खिडकीच्या वरच्या गजाला टांगू नका, कारण तिथे माळांना उजेड मिळतो पण कुंडीचे तोंड अंधारात राहते आणि झाडाला वरूनच टक्कल पडते.

उत्तर, सक्करदऱ्याहून

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तथापि ‘पाणी कमी घाला’ हा सल्ला सरसकट पाळू नये. आमची गॅलरी पश्चिमेची, कूलर नाही; तिथे मातीची लहान कुंडी एप्रिलमध्ये दोन दिवसांत खडखडीत वाळते. मी मात्र आठवड्यातून एकदाच पाणी देण्याचा नियम निष्ठेने पाळला आणि झाड गमावले. शिवाय नर्सरीतले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही, ते कडेने सरळ खाली निघून जाते आणि आपल्याला वाटते की झाड न्हाले. म्हणून वार मोजू नयेत. खराट्याची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तरच खालच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावे.

मातीविषयी एकच सांगतो. आपली काळी माती कापसाला कितीही उत्तम असली तरी या कुंडीत चिमूटभरही नको, कारण ती ओल सोडत नाही. कन्हानची रेती चाळून बारीक भाग टाकून द्यावा, जाड दाणे धुऊन घ्यावेत आणि असे दोन भाग रेतीला एक भाग कुजलेले पानखत पुरते.

उत्तर, प्रतापनगरहून

लोंबणारेच झाड हवे असेल तर स्ट्रिंग ऑफ हार्ट्सही लावून पाहा. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांच्या प्रजातीतलेच ते आहे. त्याच्या वेलीला पेरांवर छोट्या गाठी येतात, त्यांत पाणी साठते, आणि ती गाठ मातीवर टेकवली की नवे रोप होते. माझ्याकडे पाण्याची हयगय त्याने पर्ल्सपेक्षा जास्त सोसली.

प्रश्नकर्ती, मनीषनगरहून

सर्वांचे आभार. कुंडी उपडी केली तेव्हा आंबूस वास आला आणि मुळे हातातच तुटली. चार माळा टणक निघाल्या. त्यांचे अकरा तुकडे पसरट कुंडीत ठेवून ती कूलरपासून दूर, पूर्वेच्या खिडकीत हलवली आहे. कुंडी आता खाली आल्यामुळे एक शंका राहते: घरात मांजर आहे, ते मोत्यांशी खेळते. चालेल का?

उत्तर, धरमपेठहून

चालणार नाही. हे मोती मांजरांना विषारी असतात. खाल्ले तर उलट्या होतात. मुळे धरेपर्यंत कुंडीवर जाळीचे झाकण ठेवा.